पेटी नंबर चारचे आजोबा

२ मार्च, सोमवार

चिरंजीवास,

आधी हे वाच: दोघी ठीक आहेत. मग बाकीचं सावकाश वाच.

काल रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुला मुलगी झाली. दिवस भरायला अजून दोन महिने होते, पण सूनबाईच्या पोटात शनिवारपासून दुखत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही. मी गाडी करून तिला इथे आणलं. वाटेत मला आठवेना की घराला कुलूप लावलं की नाही. सूनबाई कळा सोसत होती आणि मी तिला कुलपाचं विचारत होतो. शेवटी तिनेच शेजारणीला फोन करून विचारलं. कुलूप लावलं होतं, किल्ली कुलपातच होती.

बाळ लहान आहे. काचेच्या पेटीत ठेवलंय. पेटीवर चारचा आकडा आहे, म्हणून इथे मला सगळे चार नंबरचे आजोबा म्हणतात. मी काचेतून बघतो. तोंड कोणासारखं आहे ते अजून कळत नाही, टोपीच मोठी दिसते.

तुझ्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. कारकून म्हणाला, रस्त्यावर कोसळलेली दरड बाजूला व्हायला तीन आठवडे लागतील, फोनचे खांबही तिच्याखालीच गेलेत. मंगळवारी आणि शुक्रवारी रोपवेची ट्रॉली सामान घेऊन वर बोगद्यापर्यंत जाते, त्यात पत्र टाकतो म्हणाला. मी विचारलं, माणूस येतो का त्या ट्रॉलीतून खाली? तर म्हणाला, "गेल्या वर्षी एक जण बसला होता, आजोबा. पुढचं विचारू नका." म्हणून बजावतो, तो विचार डोक्यात आणू नकोस. इथे मी आहे. काळजीसारखं काही नाही.

तुझा,
बाबा


६ मार्च, शुक्रवार

बाबा,

पत्र मिळालं. इथे सगळ्यांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले, मुकादमाने सुद्धा.

पण तुम्ही वजन लिहिलं नाहीत. किलोभर बटाट्यांत दोन कमी भरले तर गल्लीच्या टोकापर्यंत सांगत जाणारा माणूस नातीचं वजन लिहीत नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय. मी दिवसभर दगडाला भोकं पाडत तेवढाच विचार करतो.

आमचा आचारी पूर्वी दहा वर्षं एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. तो म्हणतो, अशा बाळांना पेटीपेक्षा माणसाची उघडी छाती बरी. कपडा मध्ये न घेता छातीशी धरून ठेवायचं, तासन्‌तास. आपल्या श्वासावर त्यांचा श्वास लागतो, ठोका संथ होतो, अंग गार पडत नाही, वजन धरतं. धरणाऱ्यालाही बरं वाटतं म्हणे, त्याचंही डोकं शांत होतं. आई धरते. आईला जमत नसेल तर बाप. बाप नसेल तर घरातलं जे कोण असेल ते.

म्हणजे मी हवा होतो. आणि मी डोंगराच्या पोटात अडकलोय.

आई असती तर मला हे विचारावंच लागलं नसतं. तुम्ही घेता का तिला? तुम्हाला अंगाला अंग लागलेलं आवडत नाही हे मला नव्याने सांगू नका, मी त्याच घरात वाढलो. माझं झालं ते झालं. पण ही तेवढीशी आहे, बाबा. घ्या तिला.

वजन लिहा.

मी


९ मार्च, सोमवार

अरे,

हे पत्र मी पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर लागत नसेल तर समजून घे. तुझे बाबा म्हणाले, "त्याला काही कळवू नकोस, तो त्या ट्रॉलीत बसेल." आठवडाभर मी त्यांचं ऐकलं. आता ऐकवत नाही.

मंगळवारी माझं पुन्हा ऑपरेशन झालं. सिझेरियनच्या टाक्यांमध्ये पू झाला होता. ताप अजून उतरत नाही आणि मला दुसऱ्या इमारतीत वेगळं ठेवलंय. जंतुसंसर्ग पूर्ण जाईपर्यंत बाळाजवळ जायचं नाही, आणखी बारा-पंधरा दिवस. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही. मला फक्त तिचा एक पाय दिसला होता.

जन्मली तेव्हा ती एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम होती. आज बाराशे चाळीस. आणि ती मधेच श्वास घ्यायला विसरते. खरंच विसरते, डॉक्टरबाई हाच शब्द वापरतात. मग यंत्र वाजतं, सिस्टर धावत येते, तळपायाला टिचकी मारते, की पुन्हा घेते. काल असं सात वेळा झालं. पेट्या सहा आहेत आणि बाळं नऊ. सिस्टर दोनच.

सिस्टर काल माझ्याकडे आली होती. म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांना मी चार वेळा सांगितलं, आत या, शर्ट काढा, तिला धरा. ते हात मागे बांधून काचेपाशी उभे राहतात. सकाळी आठला येतात ते संध्याकाळी सहाला जातात. जेवायला जात नाहीत. पण आत या म्हटलं की मागे सरकतात." मग तिने विचारलं, "नातू असता तर घेतला असता का हो?"

माझ्याशी ते वाईट वागतात असं नाही. दोन वेळा गरम सूप आणतात. पण वाटी माझ्या हातात देत नाहीत, स्टुलावर ठेवतात आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवतात. लग्न झाल्यापासून बघतेय, मी हसण्यावारी नेत आले. आता हसू येत नाही.

तू सांग त्यांना. नाहीतर ओरड. माझ्याकडून ओरडवत नाही, टाके ओढतात.

मी


९ मार्च, सोमवार

चिरंजीवास,

तुझं पत्र पोचलं. वजनाचं म्हणशील तर थोडं इकडेतिकडे होत असतं, असं सगळ्याच बाळांचं होतं म्हणतात. सूनबाई विश्रांती घेतेय. तिला पत्र लिहायचा त्रास नको म्हणून मीच लिहितोय.

तुझ्या आचाऱ्याने सांगितलं ते खरं आहे. इथे तसंच करतात. दोन नंबरच्या पेटीचा बाप बसकंडक्टर आहे. शर्टाची बटणं उघडतो, बाळ आत ठेवतो, वरून शर्ट मिटतो आणि तीन-तीन तास खुर्चीत बसून राहतो. मला म्हणाला, "आजोबा, आयुष्यभर बसमध्ये लोक मला चिकटून उभे राहिले. पहिल्यांदाच कोणी चिकटलेलं बरं वाटतंय." त्याचं बाळ आलं तेव्हा आपल्या बाळापेक्षा हलकं होतं. आता ते दूध ओढायला लागलंय.

मलाही विचारलं होतं. पण मला सर्दी झाली आहे. सर्दी झालेल्या माणसाने जवळ जाऊ नये, तिला लागली तर केवढ्याला पडेल. शनिवारपर्यंत बरी होईल. शनिवारी माझं एक काम आहे, ते झालं की मग बघू. तोवर काच आहे, काचेतून सगळं नीट दिसतं.

तू खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. बोगद्यात टोपी घालतोस ना? आणि ट्रॉलीचं मी काय लिहिलं होतं ते लक्षात ठेव.

तुझा,
बाबा


१० मार्च, मंगळवार

बाबा,

एकाच ट्रॉलीतून दोन पत्रं आली. एका पाकिटात तुम्हाला सर्दी आहे आणि सूनबाई विश्रांती घेतेय. दुसऱ्या पाकिटात तिचं दुसरं ऑपरेशन झालंय आणि माझी मुलगी दिवसातून सात वेळा श्वास घ्यायला विसरतेय. ट्रॉली रिकामी करायला तासभर लागतो, तेवढ्यात हे लिहितोय.

सर्दी शनिवारी बरी होईल हे सोमवारी कुठल्या सर्दीला माहीत असतं?

मी सहा वर्षांचा होतो, तुम्हाला आठवत नसेल. शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत होती आणि मी पहिला आलो होतो. तुम्ही फाटकापाशी सायकल घेऊन उभे होतात. मी दोन्ही हात पसरून धावत आलो. आणि तुम्ही सायकल फिरवून आपल्या दोघांच्या मध्ये घेतलीत. माझ्या पोटात पॅडल लागलं. तुम्ही म्हणालात, "चल, उशीर होतोय." आई मला नंतर म्हणाली, अरे, ते तसेच आहेत. मी तेहतीस वर्षांचा झालो आणि आजवर तेच मानत आलो, की काही माणसं तशीच असतात. पण मी जगलो, कारण आईकडे दोन हात होते. हिच्याकडे या क्षणी कोणीच नाही. हिची आई एका इमारतीत, बाप डोंगरात, आणि आजोबा काचेबाहेर हात मागे बांधून.

ती मुलगी आहे म्हणून असेल तर तसं लिहा, मी ते वाचायलाही तयार आहे. पण मला सर्दी लिहू नका.

शुक्रवारी तेराला ट्रॉली पुन्हा येईल. तुम्ही तिला छातीशी घेतलंत असं तुमच्या हातचं पत्र त्यात असलं पाहिजे. नसलं तर सामान उतरवल्यावर मी रिकाम्या ट्रॉलीत बसेन. मुकादमाला सांगून झालंय. तो नको म्हणाला, मी ऐकणार नाही हेही त्याला सांगून झालंय. गेल्या वर्षीच्या माणसाचं काय झालं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते पुन्हा लिहू नका.

मी


१२ मार्च, गुरुवार. सकाळी

चिरंजीवास,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. रात्रभर पाठ टेकली नाही. हे पत्र उद्या सकाळी आठच्या आत ऑफिसात पोचायला हवं, म्हणून उजाडताच लिहायला घेतलंय. मी चौथी शिकलेला माणूस, एवढं मोठं पत्र कधी लिहिलेलं नाही. मागचंपुढचं झालं तर सांभाळून घे.

सर्दी नव्हती. ती मुलगी आहे म्हणून तर मुळीच नव्हे. तसं तुला वाटलं, सिस्टरला वाटलं, माझा इलाज नाही.

मी कुठे काम करत होतो ते तुला माहीत आहे. बॅटरीच्या कारखान्यात, प्लेटांच्या खात्यात, एकतीस वर्षं. प्लेटा शिशाच्या असतात. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, कडा घासायच्या. घासताना जी धूळ उडायची ती केसांत, भुवयांत, शर्टाच्या शिवणीत बसायची. कोणी काही सांगत नसे. 'जेवणापूर्वी हात धुवा' अशी एक पाटी होती, तिच्यावरही धूळच असायची.

माझा एक जोडीदार होता, भट्टीवर माझ्या शेजारी उभा राहायचा. त्याला तीन वर्षांची मुलगी होती. तो घरी पोचला की ती धावत यायची, त्याच्या पायांना मिठी मारायची आणि तोंड पँटमध्ये खुपसून उभी राहायची. सोडायची नाही. आम्ही त्याला चिडवायचो, राजा माणूस आहेस बाबा, आमची पोरं आम्हाला ओळखत नाहीत. मग तिच्या पोटात दुखायला लागलं. मग बोलता येणारे शब्द ती विसरायला लागली. मग आकडी यायला लागली. सहा महिन्यांत गेली. कारखान्याचा डॉक्टर त्याला म्हणाला, तुझ्या कपड्यांवरून तिच्या पोटात गेलं. एवढंच म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. जोडीदार आठ दिवसांनी कामावर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्यानंतर तो आमच्यापैकी कोणाशी बोलला नाही.

तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. तूही पायांना मिठी मारायचास.

त्या दिवसापासून मी कामाचे कपडे घराबाहेरच काढायला लागलो. मागच्या नळावर एकदा आणि घरात एकदा अशी दोनदा आंघोळ करायचो. ब्रशने नखं घासायचो. तरी तुझ्याकडे हात जाईना. वाटायचं, एवढी वर्षं जे नाकातोंडातून आत गेलंय ते साबणाने कसं निघेल? ते घामातून येत असेल, श्वासातून येत असेल. तुझी आई विचारायची, पोराला जवळ का घेत नाही? मी म्हणायचो, मला आवडत नाही. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नोकरी सोडा. मला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून गप्प बसलो.

शर्यतीच्या दिवशी मी पाळी संपवून तसाच आलो होतो, आंघोळ न करता, नाहीतर बक्षीस बघायला मिळालं नसतं. शर्टाच्या बाह्या राखाडी झालेल्या होत्या. तू धावत आलास. सायकल मी मुद्दाम मध्ये घेतली. मला सगळं आठवतं. तुला डाव्या बाजूला लागलं होतं.

कारखाना सुटला तेव्हा तू बाविशीत होतास, मिशा आल्या होत्या. आता जवळ घ्यायला सुरुवात कशी करायची ते कळेना. मग राहूनच गेलं.

आता शनिवारचं सांगतो. कारखान्यातले जुने लोक म्हणायचे, शिसं हाडात जाऊन बसतं आणि मरेपर्यंत राहतं. बाळ पेटीत ठेवलं त्याच दुपारी मी हॉस्पिटलसमोरच्या लॅबमध्ये गेलो आणि रक्त दिलं. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही. ते म्हणाले, ही तपासणी इथे होत नाही, बाहेर पाठवतो, चौदाला शनिवारी कागद मिळेल. ठरवलं होतं, कागद चांगला आला तर शनिवारी आत जाईन. वाईट आला तर कधीच जाणार नाही. डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं. पण त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला काचेजवळही उभं राहू दिलं नसतं, असं मनात आलं.

आज गुरुवार. तिचं वजन काल बाराशे दहा होतं. तू उद्या ट्रॉलीत बसशील. शनिवारपर्यंत थांबलो तर दोघांपैकी कोणाला तरी घालवून बसेन. आता उठतो आणि डॉक्टरबाईंकडे जातो. पत्र अर्धंच राहू दे, आल्यावर पुरं करतो.


गुरुवारी दुपारी, तीन वाजता

मी तिला घेतलं. हे मी माझ्या हाताने लिहितोय. ट्रॉलीत बसू नकोस.

आता नीट सांगतो. डॉक्टरबाई फेरीवर होत्या. मी वाटेत आडवा उभा राहिलो आणि तुला वर लिहिलं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. कंडक्टर ऐकत होता, त्याने मान खाली घातली.

त्यांनी विचारलं, "कारखाना सोडून किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आंघोळ रोज करता?"

"दोनदा."

"मग अडलंय कुठे?"

"हाडात असतं म्हणतात ते."

"हाडात असेल. पण हाडातलं शिसं कातडीतून दुसऱ्याला लागत नाही, आजोबा. मुलांच्या पोटात जातं ते धुळीतून, कपड्यांवरून. धुतलेल्या अंगाची काही भीती नाही. हे तुम्ही मला अकरा दिवसांपूर्वी का नाही विचारलंत?"

मी विचारलं, "तेव्हाही भीती नव्हती का हो? तेव्हा, मी कामावर जात होतो तेव्हा. आंघोळ झाल्यावर?"

त्यांनी हातातला कागद उगाच खालीवर केला. मग म्हणाल्या, "अंग धुतलं असेल, कपडे बदलले असतील, तर नव्हती." आणि पुढे, "कपडे घराबाहेर काढत होतात, म्हणून तुमचा मुलगा धडधाकट राहिला, हेही लक्षात ठेवा."

दोन्ही गोष्टी तुला जशाच्या तशा लिहिल्या. दुसरी सांगितल्याने पहिली कमी होत नाही, ते मला कळतं.

मग सिस्टरने मला बेसिनपाशी नेलं. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, छाती पुसायला लावली. मी म्हटलं, केस काढून येऊ का छातीवरचे? ती म्हणाली, "जंगल असू द्या, ऊबच आहे." त्याआधी तिने माझं ब्लडप्रेशर बघितलं, एकशे बहात्तर निघालं. म्हणाली, "तुम्हालाच पेटीत ठेवायला हवं."

खुर्चीत मागे रेलून बसलो. सिस्टरने पेटी उघडली, वायरी सांभाळत तिला उचलली आणि माझ्या छातीवर पालथी ठेवली. डोकं एका बाजूला वळवलं, कान बरोबर माझ्या काळजावर. वरून कापड गुंडाळलं. वजन म्हणशील तर पाण्याच्या भांड्याएवढं. तिचं अंग इतकं पातळ लागतं की आतलं सगळं हलताना कळतं. सिस्टरने माझे हात धरून एक तिच्या पाठीवर आणि एक बुडाखाली ठेवला, म्हणाली, "असेच राहू द्या, काही करू नका." काही करायचं नाही, हेच फार अवघड होतं. मी यंत्राकडे बघत राहिलो. तिचे ठोके एकशे अडुसष्ट होते. अर्ध्या तासाने एकशे पंचेचाळीस झाले. पाय गार होते ते गरम झाले. दोन तासांत ती एकदाही श्वास विसरली नाही. उठलो तेव्हा सिस्टरने पुन्हा माझं ब्लडप्रेशर बघितलं, एकशे अठ्ठेचाळीस. ती हसली आणि म्हणाली, "औषध दोघांना लागू पडलं."

सूनबाईला सांगून आलो. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिथे उभा राहिलो. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण अजून तेवढं जमत नाही.

आता हे पत्र घेऊन स्वतः ऑफिसात जातो. कारकुनाला सांगणार आहे, पिठाच्या पोत्यांखाली टाकू नकोस, सगळ्यांत वर ठेव.

बाबा


१३ मार्च, शुक्रवार

बाबा,

पत्र मिळालं. वरच होतं, पाकीट कारकुनाने दोन ठिकाणी दोरीने बांधलं होतं. ट्रॉलीत बसलो नाही. मुकादमाने माझ्या नावाने आज सगळ्यांना चहा पाजला.

तीनदा वाचलं. शिशाचं मला कळतं. इथे दगडाची धूळ असते, मीही रोज तेच झटकत असतो. आंघोळ झाल्यावरचं कळायला मला वेळ लागेल. आत्ता त्याबद्दल काही लिहिता येत नाही, राग आला तर आला असं समजा.

तुम्ही आईला सांगायला हवं होतं. ती नोकरी सोडा म्हणाली नसती. तिने तुम्हाला अंगण धुवायला लावलं असतं आणि मग मला तुमच्या मांडीवर आणून टाकलं असतं. आईला तुम्ही ओळखलं नाहीत.

तिला रोज घ्या. दोनदा घ्या. वजन लिहा.

मी


२३ मार्च, सोमवार

चिरंजीवास,

वजन चौदाशे दहा. आज सकाळचं, कपड्याशिवाय, दोनदा बघून लिहिलं.

मधल्या ट्रॉलींतून मी नुसते आकडे पाठवले. जास्त लिहायचा धीर होत नव्हता, कारण मंगळवारी सतराला जे झालं ते तिची आई तिच्याजवळ येईपर्यंत तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं. लपवायची सवय लवकर जात नाही. आता सांगतो.

त्या दिवशी ती माझ्या छातीवर होती. दोन नंबरचं बाळ अचानक निळं पडलं आणि दोन्ही सिस्टर तिकडे धावल्या. कंडक्टर भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या शर्टाची बटणं उघडीच होती. आणि तेवढ्यात माझ्या छातीवरचं हलणं थांबलं. यंत्र वाजायच्या आधी मला कळलं. पाच दिवस तिचा श्वास माझ्या श्वासाला लागून चालला होता, आता माझा एकटाच चालला होता. मग यंत्र वाजलं. मी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारल्या, पण ती दुसऱ्या बाळाला सोडून कशी येणार? ती तिकडूनच म्हणाली, "आजोबा, पाठ चोळा."

माझी बोटं बघ एकदा, साच्यांनी वाकडी झालेली. त्या बोटांनी मी तिची पाठ चोळली. काही झालं नाही. पुन्हा चोळली, जरा जोरात, तळपायाला टिचकी मारली आणि तिला म्हटलं, ए पोरी, घे. घे की. कंडक्टर नंतर म्हणाला बारा सेकंद गेले, मला विचारशील तर मी अख्खी पाळी भरली. मग तिने आळस दिल्यासारखं अंग ताणलं आणि श्वास घेतला, आणि माझी बनियन नसलेली छाती ओली केली. सिस्टर आली तेव्हा मी पाठ चोळतच होतो आणि पोरगी झोपली होती. तिकडे दोन नंबरचं बाळही परत लाल झालं. कंडक्टर माझ्याजवळ आला आणि नुसता उभा राहिला.

त्यानंतर सहा दिवस झाले, ती एकदाही विसरलेली नाही.

माझा रक्ताचा कागद आला. शिसं आहे, थोडं जास्त आहे, माझ्या वयाला फार बिघडत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दूध प्या, नीट जेवा म्हणाल्या.

काल रविवारी सूनबाईचा ताप जाऊन चार दिवस झाले, म्हणून तिला चाकाच्या खुर्चीतून इकडे आणलं. बाळ माझ्याकडे होतं. तिने हात पुढे केले आणि मी देऊ लागलो, तर पोरीने माझ्या छातीवरचे केस मुठीत धरून ठेवलेले. सिस्टरला एकेक बोट उकलावं लागलं. सूनबाई हसत होती आणि रडत होती. तिने विचारलं, "दुखलं का हो बाबा?" मी हो म्हटलं. मग तिच्या छातीवर ठेवलं, तिचे खांदे खाली आले, आणि मी खुर्चीवरून उठलो. उठल्यावर जागा गार लागली, मी शर्ट घातला.

आता दुपारी आई धरते, सकाळी मी. सूनबाईची जेवायची वेळ झाली की पुन्हा मी.

कारकून म्हणतो, रस्ता गुरुवारी उघडेल, पहिल्या गाडीत तुझं नाव टाकलंय. येण्यापूर्वी दगडाची धूळ सगळी धू. कपडे वेगळ्या पिशवीत बांध, स्वच्छ कपडे घालून ये. एवढं केलं की पुरे, त्यापुढे घाबरायचं नसतं. हे मी वेळेवर कोणाला विचारलं नाही, म्हणून तुला न विचारता सांगतो.

मी स्टँडवर येईन. तुझा राग असेल तर असू दे, रागाने ये. तू म्हणालास आईला मी ओळखलं नाही, ते खरं आहे. त्यावर मी बरेच दिवस विचार करतोय.

एक विचारायचं राहिलं. बाळाचं सोपं असतं, सिस्टर छातीवर ठेवून देते, आपल्याला फक्त बसायचं असतं. मोठ्या माणसाचं कसं करतात, मला माहीत नाही. डोकं कुठल्या बाजूला न्यायचं, चष्मा आधी काढायचा की कसं, आणि आधी कोणी सोडायचं. तुला सूनबाईमुळे माहीत असेल. तू सुरुवात कर, मी तसं करीन.

तुझा,
बाबा